खारीसाठी काढलेली गोधडी

माणिकबाई साळवे वळणावर दिसायच्या आधी त्यांचा वास यायचा. डांबराच्या गोळ्यांचा. मुलुंडच्या डोंगराला टेकलेल्या त्या वस्तीत ही गोष्ट पोराटोरांनाही ठाऊक होती. नळावरच्या बायका एकमेकींना म्हणायच्या, सरका गं, ट्रंक आली. माणिकबाईंना राग यायचा नाही. ज्या घराला हा वास नाही त्या घरात झुरळं नांदतात, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते त्या नळावर उभ्या राहून सगळ्यांना ऐकवायच्या.

जपणं हे त्या बाईचं वेडच होतं म्हणा ना. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीला रबर. सोफ्यावर चादर, त्या चादरीला धूळ लागू नये म्हणून वर जुनी चादर. नवरा कुंडलिक पालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झाला तेव्हा मिळालेलं मनगटी घड्याळ अजून खोक्यात होतं, आणि तो बिचारा वेळ मोबाइलवर बघायचा. हे ऐकून हसू येतं. पण जपण्याचं मूळ कळलं की ते जरा आवरतं. जालन्याकडच्या गावी, माणिकबाई लहान असताना, एका थंडीत त्यांचा धाकटा भाऊ छाती भरून गेला. पांघरायला घरात पोतं होतं फक्त. त्यानंतर त्यांच्या आईने मिळतील ती जुनी लुगडी गोळा केली आणि दोन गोधड्या शिवल्या, एक मोठी आणि एक तान्ह्या पोराच्या अंगाएवढी. लेकीला लग्नात दुसरं काही देता आलं नाही, त्या दोन दिल्या.

मुंबईत आल्यावर पहिल्याच वर्षी मोठ्या गोधडीला कसर लागली. त्या दिवशी माणिकबाई जेवल्या नाहीत. तेव्हापासून ट्रंकेत गोळ्या आल्या. त्या नुसत्या टाकल्या की घरंगळतात, हरवतात, म्हणून त्यांनी दोन्ही गोधड्यांच्या चारही कोपऱ्यांना आतून लहानसे खिसे शिवले. दर वर्षी ट्रंक उघडायची, उडून गेलेल्या गोळ्यांच्या जागी नव्या भरायच्या, वरून टाके घालायचे. असलं काम त्यांच्याइतकं मन लावून कुणी केलं नसेल.

आता खारीबद्दल. खारी म्हणजे त्यांची कुत्री. लेक चेतना हिने तिला बेकरीच्या मागच्या कचऱ्यातून उचलून आणली होती, हाताएवढी, अगदी खारी बिस्किटाच्या रंगाची. माणिकबाईंना कुत्र्याचा सोस नव्हता. पण चेतनाचं लग्न होऊन ती बदलापूरला गेली, सासूला घरात कुत्रं चालणार नव्हतं, आणि निघताना पोरगी आईचा हात धरून म्हणाली, "आई, हिला मी आणलीय. माझ्यामागे हिची आबाळ नको होऊ देऊस." झालं. त्या क्षणापासून खारी जपायच्या वस्तूंमध्ये जाऊन बसली. रोज तिच्या ताटलीत भाकरी कुस्करताना माणिकबाई तिच्याशी चेतनाबद्दलच बोलायच्या.

मुंबईची थंडी तशी नावाला असते. पण डोंगराच्या पायथ्याशी तिचे दात लागतात. आणि त्या वस्तीत थंडीबरोबर दुसरी भीती खाली उतरायची. गेल्या हिवाळ्यात शेवटच्या घरातल्या श्यामसुंदरचा कुत्रा अंगणातून गेला. ना भुंकणं, ना झटापट. सकाळी कुंपणापाशी त्याचा पट्टा सापडला, बक्कल लावलेलंच होतं. बिबट्याने नेला हे सांगायला कुणी वनखात्याचा माणूस लागला नाही. श्यामसुंदरने तो पट्टा खिळ्याला टांगून ठेवला होता आणि माणिकबाई तिथून जाताना मान दुसरीकडे वळवायच्या.

या जानेवारीत नळाजवळच्या चिखलात पुन्हा पंजे उमटले. बायकांनी घागरी तिथेच ठेवून बघून घेतले. त्याच दुपारी चेतनाचा फोन आला. तिला मुलगा होऊन महिना होत आला होता. बाळंतपण बदलापूरलाच झालं, कारण जिथे बिबट्या फिरतो तिथे माझा नातू जाणार नाही, असं सासूने बजावलं होतं. माणिकबाई तिकडे राहून नुकत्याच परतल्या होत्या. चेतना सांगत होती, की बदलापूरला कडाका पडलाय, बाळाचे हातपाय गार लागतात, आणि खारीला आता बाहेर पायरीवर झोपू देऊ नकोस.

माणिकबाईंनी ट्रंक ओढली. दोन्ही गोधड्या बाहेर काढल्या, चारही कोपऱ्यांत ताज्या गोळ्या भरल्या, टाके घट्ट केले. लहान गोधडी बाळाला. डिंकाचे लाडू, कुंची, टोपरी असा बाळंतविडा बांधून त्यांनी ती वर ठेवली आणि कुंडलिकला बदलापूरला धाडलं. उन्हात टाकून मग दे, असं तो म्हणाला होता. माणिकबाईंनी त्याला गप्प केलं. उन्हाने वास जातो, वास गेला की किडे येतात, आणि बदलापूरला किडे काय कमी आहेत? मोठी गोधडी त्यांनी मागच्या खोलीत खारीसाठी अंथरली. खिडकीच्या फुटक्या काचेवर पुठ्ठा ठोकला. दाराखालच्या फटीत चिंध्या कोंबल्या. दाराला बाहेरून कडी, वर मुख्य दाराला दोन कड्या. बिबट्या आत यायला जागा राहिली नाही. आत जे होतं त्याला बाहेर जायलाही राहिली नाही, पण तिकडे कुणाचं लक्ष जाणार?

खारीला कोंडून घ्यायची सवय नव्हती. संध्याकाळी दार लागलं की ती आधी दार खरवडायची, मग कुंथायची, मग गप्प व्हायची. गप्प झाली की माणिकबाईंना बरं वाटायचं. गोधडीत शिरली असेल, ऊब मिळाली असेल. खारी गप्प व्हायची ती गोधडीचा कोपरा तोंडात धरून, हे त्यांनी सकाळी पाहिलं. कापड ओलं होतं. लहानपणी चेतनाही पदर चोखायची, ते आठवून त्यांना उलट मायाच आली.

मग खारीने भाकरी टाकली. पायरीवर उन्हात बसायचं सोडून ती भिंतीला अंग टेकून कापत राहिली. थंडी बाधली, माणिकबाईंनी निदान केलं, आणि दुपारचीही तिला आत घेतली. ओव्याचा शेक दिला. ट्रंकेतला चेतनाचा शाळेतला स्वेटर काढून तिच्या अंगात घातला, वरून गोधडी लपेटली. दुसऱ्या दिवशी ती ओकली. तिने अंगणात लघवी केली ती कोऱ्या चहाच्या रंगाची होती. कुंडलिक म्हणाला, डॉक्टरकडे नेऊ या. माणिकबाई म्हणाल्या, एवढ्या वाऱ्यात तिला बाहेर काढू? आधी अंगात ऊब येऊ दे. आणि पुठ्ठ्याच्या कडेने जरा झुळूक येत होती, तिथे त्यांनी चिकटपट्टी लावली. खारी जितकी कापायची तितकी ती गोधडी तिच्याभोवती घट्ट होत गेली.

चेतनाचा रोज फोन यायचा. खारी बरी आहे, एवढंच माणिकबाई सांगायच्या. बाळंतिणीच्या जिवाला घोर कशाला? चेतना खुशीत होती. गोधडीला आईचा वास येतो म्हणाली, नाक खुपसून बसावंसं वाटतं. आणि बाळ तिच्यात घातल्यापासून काय झोपतं, दूध प्यायलाही उठवावं लागतं, रडायचं नाव नाही. गुणी आहे माझा राजा, म्हणून माणिकबाईंनी दृष्ट काढत कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

त्या सकाळी दार उघडलं तेव्हा खारीने मान उचलली नाही. शेपटी एकदा जमिनीवर आपटली, बस. तिच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या, भिजवलेल्या तांदळासारख्या. तेव्हा मात्र माणिकबाईंनी कुंडलिकला हाक मारली. कुंडलिकने रिक्षा आणली. वारा लागू नये म्हणून त्याच गोधडीत खारीला गुंडाळून, मांडीवर घेऊन, माणिकबाई दवाखान्यात पोचल्या. सबंध रस्ताभर त्या तिच्या कानात चेतनाचं नाव घेत होत्या.

डॉक्टर गार्गी तरुण होती, कमी बोलणारी. खारीचा जबडा उघडून ती वाकली, आणि तशीच थांबली.

"मावशी, हिच्या तोंडाला डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय."

"तो माझा असेल, डॉक्टरबाई," माणिकबाई ओशाळून म्हणाल्या. "सगळे म्हणतात."

गार्गी हसली नाही. तिने पुन्हा वाकून वास घेतला, मग घरात या गोळ्या कुठे कुठे ठेवता ते विचारलं. माणिकबाईंनी सांगितलं. कोपऱ्यांतल्या खिशांचं सांगताना त्यांच्या आवाजात थोडी ऐटही होती, ती लपवायचं त्यांना कारण वाटलं नाही. गार्गीने गोधडी टेबलावर पसरली. दोन कोपरे धड होते, तिसरा चावून चोथा झाला होता आणि चौथ्यात नुसता दोरा लोंबत होता. त्या दोन कोपऱ्यांतले खिसे रिकामे होते.

मग त्यांना सगळं सांगण्यात आलं, सावकाश, दोनदा. गोळी पोटात गेली की रक्तातल्या लाल पेशी फुटायला लागतात. म्हणून कापरं, म्हणून ती पांढरी हिरडी, म्हणून ती चहासारखी लघवी. खारीला थंडी बाधलीच नव्हती. बंद खोलीत तो वास आणखी बाधला असणार. वाचेल का, असं कुंडलिकने विचारलं. प्रयत्न करते, म्हणाली गार्गी, पण उद्या आणली असतीत तर तेही म्हणाले नसते.

 बिबट्यासाठी दोन कड्या लावल्या आणि मरण आपल्याच हाताने अंथरलं, एवढंच माणिकबाईंच्या डोक्यात फिरत होतं. खारीच्या पायात सलाईनची सुई खोचून पट्टी बांधताना गार्गीने सहज विचारलं.

"घरात लहान मूल नाही ना कुणी? तान्ह्या बाळांनाही बाधतं हे कधीकधी. नुसत्या कपड्यांच्या वासानेसुद्धा. बाळ पिवळं पडतं, मलूल होतं, झोपूनच राहतं."

 माणिकबाईंनी पिशवीतून फोन काढला, तोही प्लॅस्टिकच्या पाकिटात होता, आणि पाकिटावरूनच बटणं दाबता येईनात म्हणून त्यांनी दातांनी ते फाडलं.

"चेतना, बाळ कुठंय?"

"झोपलंय गं. कालपासून झोपतंच आहे. काय झालं?"

"अंगावर काय आहे त्याच्या?"

"तुझी गोधडी. मस्त गुंडाळलाय त्याला, नाक तेवढं दिसतंय."

"काढ ती."

"आई, अगं किती गारठा आहे इकडे."

"काढ म्हणते ना. घराबाहेर टाक. खिडक्या उघड सगळ्या. बाळाला उघडं कर, चेतना."

सबंध जन्मात त्यांनी कुणाला उघडं कर असं सांगितलं नव्हतं. पलीकडे खिडकीची कडी निघाल्याचा आवाज आला, मग पावलांचा. बाळाचा आवाज मात्र आला नाही. मग चेतना बोलली, आणि तो आवाज तिच्या लहानपणचा होता.

"आई, उजेडात आणलं तर हा पिवळा दिसतोय गं. डोळ्यांतसुद्धा."

"निघ," माणिकबाई म्हणाल्या. "आहेस तशी हॉस्पिटलात जा. गोळ्यांचं सांग त्यांना. ट्रंकेतल्या गोळ्या, असं स्पष्ट सांग."

पुढे दोन्ही जीव वाचले. बाळाला कावीळ उतरेपर्यंत बरेच दिवस दिव्याखाली ठेवावं लागलं, खारीला दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यावं लागलं. पण त्या सकाळी दवाखान्यात यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. कुंडलिक तसाच बदलापूरला निघाला. माणिकबाई खारीच्या टेबलापाशी स्टुलावर बसल्या. खारी कापत होती. सवयीने त्यांनी पदर सोडवला, तिच्या अंगावर घालायला पुढे नेला, आणि त्यांना पदराचा वास आला. वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच आला. त्यांनी पदर मागे घेऊन कमरेला खोचला. मग नुसता हात तिच्या डोक्याजवळ ठेवला. खारीने डोळे अर्धवट उघडले, तो हात ओळखला आणि चाटायला जीभ बाहेर काढली. माणिकबाईंनी तो हातही उचलून घेतला.