सर्दी घेऊन चिंपांझींच्या दारात

आफ्रिकेत जायचं ठरलं ते आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कारखानीसांमुळे. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत परदेशातून आलेल्या माणसाला शाल-नारळ देऊन गच्चीवर भाषण करायला लावायची पद्धत होती. शहाऐंशी साली कारखानीस सिंगापूरहून टेपरेकॉर्डर घेऊन आले आणि दोन तास बोलले. मी सतरंजीवर बसून जळत होतो. बायकोचा भाऊ दार-ए-सलामला नोकरीला होता. टांझानियात रानातले चिंपांझी बघता येतात, असं त्याने कळवलं होतं. मला पुढची शाल दिसायला लागली.

"माकडं बघायला आफ्रिका कशाला?" कारखानीस म्हणाले. "बोरिवलीला जा, कान्हेरीला. चणे न्या फक्त."

गणपती आटोपून निघालो. स्कूटरसाठी साठवलेले पैसे तिकिटांत गेले. जाणाऱ्यांसाठी सांगतो: पिवळ्या तापाची लस दहा दिवस आधी घ्या, दाखला पासपोर्टातच ठेवा, आणि जायचं तर कोरड्या दिवसांत. तेव्हा तिकडे साबणाचीही टंचाई, त्यामुळे मेव्हण्याकडे आम्ही नेलेल्या वड्यांचं स्वागत आमच्यापेक्षा जोरात झालं. तिथून जंगलाजवळच्या किगोमाच्या आगगाडीला वेळापत्रकात दोन दिवस लिहिले होते. आम्ही चौथ्या दिवशी उतरलो. खिडकीतून सतत धूळ येत होती. मला झकास सर्दी झाली.

किगोमाला टांगानिका तळ्याच्या काठावर वाळत घातलेली बारकी मासळी बघून सुमन, म्हणजे माझी बायको, हरखली. "अहो, हे तर आपलं मालवणच." मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर ती मासळी तळून मिळते, मी तीनदा मागून घेतली. पुढे लाकडी होडीने अर्धा दिवस. बसायला जाड चादर न्या, फळ्या टोचतात.

जंगलाच्या तळावर हमीसी नावाचा वाटाड्या भेटला. त्याने इंग्रजीत पहिला प्रश्न विचारला, "कुणाला सर्दी-खोकला? आपली सर्दी चिंपांझींना लागते. पिल्लं मरतात."

"नाही," मी म्हणालो. निघण्यापूर्वी नाकाला आणि छातीला बाम चोळला. आपल्याकडे एवढ्यावर माणूस ऑफिसला जातो.

वेली धरत दोन तास चढलो. मग समोरच्या झाडीतून हाका उठल्या. आधी नुसते हुंकार, मग चढत चढत किंकाळ्या. अंगावर काटा आला. "आई आहे," हमीसी पुटपुटला. "पाठीवर पिल्लू." मी त्याला मागे टाकून पुढे सरसावलो आणि बामाचा वास त्याच्या नाकात गेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सुमनकडे. सुमन इंग्रजी बोलायची नाही, पण तिला सगळं कळायचं.

"कोल्ड," ती म्हणाली.

"तू कशाला बोललीस गं?"

रागावली की ती मालवणीवर येते. "पोर आसा तिच्या पाठीर. तुमी गप हय बसा."

हमीसीने मला थोडं खाली आणून एका दगडावर बसवलं. मी कॅमेरा सुमनकडे दिला. ती हमीसीबरोबर वर गेली आणि तासाभराने परतली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

"फोटो?"

"राहिले. ती पिल्लाच्या डोक्यातलं काहीतरी वेचत होती. मध्येच थांबून तिने माझ्याकडे बघितलं. मग मी पण बघतच बसले."

छत्तीस फोटोंचा रोल कोरा. परतीच्या होडीत मी तिच्याकडे पाठ करून बसलो.

मुलुंडला गच्चीवर मला शाल मिळाली. खरं सांगायचं असं निदान जिना चढताना तरी ठरवलं होतं. पण समोर कारखानीस हाताची घडी घालून बसले होते. मी म्हणालो, "ती आई माझ्यापासून दहा पावलांवर होती. मध्येच थांबून तिने माझ्याकडे पाहिलं." टाळ्या पडल्या.

कारखानीस सुमनकडे वळले. "वहिनी, तुम्हीही होतात ना तिथे?"

सुमनने माझ्याकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "मला सर्दी होती. मी खाली दगडावर बसले होते."

सगळ्या बायका तिच्यासाठी हळहळल्या. एवढ्या लांब जाऊन काही पाहिलं नाहीस, असं एकीने तिला जवळ घेऊन म्हटलं. सुमन मान हलवत राहिली, आणि मी खांद्यावर शाल घेऊन उभा होतो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. तरी मी गप्प बसलो, तो आजपर्यंत. चिंपांझी सुमनने पाहिले. मी नाही.