पेव झाकून विकलेलं घर

ती घटना सांगायला बसलो की आजही आधी माझीच चूक आठवते.

दुष्काळाचं साल होतं. प्रवरेकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी फौजदार होतो. उन्हाळ्यातल्या एका दुपारी ठाण्यावर वर्दी आली, की दोन महिन्यांपूर्वी बदलून आलेल्या एका मास्तरांची बायको घरातल्याच पेवात पडून मेली. पेव म्हणजे जमिनीखाली खोदलेलं धान्याचं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढं, पोट खोलीएवढं. जुन्या घरांत ते असायचंच. मागच्या खोलीत ती बाई उखळात मिरच्या कुटत होती. मुसळाच्या दणक्यांनी फरशी खचली आणि उखळासकट ती खाली गेली. मास्तर उडी घ्यायला निघाले तर गल्लीतल्या चौघांनी त्यांना धरून ठेवलं. एका म्हाताऱ्यानं दोरीला बांधून कंदील खाली सोडला, तो लगेच विझला. पेवातली कोंडलेली हवा माणूस मारते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. हवा खेळती करून तिला वर काढेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

अकस्मात मयत म्हणून नोंद केली, पंचनामा केला. संध्याकाळी काष्टीहून बाईचे वडील आले आणि त्यांनी जावयाविरुद्ध फिर्याद दिली.

"ह्यानंच ढकललं. माझ्या पोरीला ते घर नकोच हुतं. दोघांचं भांडान झाल्तं त्यापायी. आन् घर घेनाऱ्याला घरातलं पेव दिसत न्हाई व्हय?"

शेवटचा प्रश्न मला पटला. शेजाऱ्यांकडं विचारलं तर ज्यानं त्यानं तेच सांगितलं, की त्या घरात पेव आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मग मालकालाच कसं माहीत नाही? मी मास्तरांना ठाण्यात आणून बसवलं. बायकोला अग्नी देऊन ते सरळ माझ्यासमोर आले होते, अंगावरचं धोतर अजून ओलं होतं. दोन दिवस मी त्यांना फिरवून फिरवून एकच विचारत राहिलो. पेव दिसलं कसं नाही? बायको त्या खोलीत गेली तेव्हा तुम्ही कुठं होता? ते म्हणायचे, "पुढच्या खोलीत पेपर तपासत होतो." पलीकडं काही नाही. गप्प माणूस पोलिसाला नेहमी गुन्हेगार वाटतो. माझा आवाज चढत गेला. हात उचलला नाही, एवढंच काय ते माझ्या बाजूनं सांगता येईल.

तिसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना एक गवंडी ठाण्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला. आत यायला तयार नव्हता. मीच बाहेर गेलो.

"सायेब, मास्तरला सोडा. त्याला काय बी म्हाईत न्हाई. पेवाच्या तोंडावर फळ्या टाकून वर फरशी म्याच बसवली. पयल्या मालकानं बसवून घेतली."

पहिला मालक म्हणजे एका सरकारी कचेरीतला कारकून. त्याची बदली झाली म्हणून त्यानं घर मास्तरांना विकलं होतं.

"तुला कळत नव्हतं, दणक्यानं फळ्या मोडतात ते?"

"म्या बोललो हुतो, मुरूम भरा. ते म्हनले, मानसं समदी दुष्काळी कामावर, गाडी मिळंना, आन् मला तर सोमवारी हजर व्हायचंय."

"मग मास्तरांना का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, इकताना तेच सांगत्याल. घरातलं पेव लपवून कोन घर इकतं, सायेब?"

मग मी कागद काढले. कारकुनानं स्वतः घर घेतलं तेव्हाच्या खरेदीखतात 'मागील खोलीतील पेवासह' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मास्तरांना करून दिलेल्या खतात पेवाचा उल्लेखच नव्हता. सरकारी वकिलांनी मला कायदा समजावला. घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणार नाही असा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो त्यानं आपणहून सांगायचा असतो. विचारायची वाट बघायची नसते. इतकी वर्षं नोकरी करून मला हे माहीत नव्हतं.

हवालदाराला घेऊन मी कारकुनाच्या नव्या गावी गेलो. माणूस सभ्य, आमच्यापुढं चहा ठेवला. म्हणाला, "साहेब, मास्तरांनी घर चारदा फिरून पाहिलं. मला त्यांनी काही विचारलं नाही. मी कशाला सांगू?"

"फरशी बसवल्यावर जाईपर्यंत तुमच्या घरचं उखळ कुठं असायचं?"

"अंगणात."

"भर उन्हात, मागची खोली रिकामी असताना?"

आतल्या दाराशी त्याची बायको उभी होती. ती म्हणाली, "सांगा ना आता तरी. फरशी बसवल्यापासून मुलींना त्या खोलीत उड्या मारू देत नव्हता तुम्ही." मग तो रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. स्वतःच्या मुलींना जपण्याइतकी भीती त्याला होती, ती शब्दांत सांगायला दोन मिनिटंही लागली नसती.

निष्काळजीपणानं मृत्यूला कारण झाल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला आणि शिक्षाही झाली. हे वाईट काम एकट्या कारकुनाचं नव्हतं. गवंड्याला वाटलं मालक सांगेल, गल्लीला वाटलं गवंड्यानं सांगितलं असेल. नव्या माणसाला सांगण्यापुरतं कुणाचंच तोंड उघडलं नाही.

मास्तरांचं नाव मोकळं झाल्याचं सांगायला मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. सासरे ओसरीवर बसले होते, माझ्याकडं न बघता त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. मी मास्तरांना म्हटलं, "झालं ते चुकलं माझं."

ते शांतपणे म्हणाले, "साहेब, दोन दिवस तुम्ही मला विचारलंत की पेव दिसलं कसं नाही. 'तुम्हाला पेवाचं कुणी सांगितलं होतं का?' एवढं एकदा विचारायला हवं होतं. कुणीतरी ते विचारावं म्हणून मी थांबलो होतो."

तांब्यातलं पाणी न पिताच मी उठलो.