घडीसाठी सोडलेली जागा

कंप्युटर क्लासमध्ये माझं पहिलं भांडण एका बटनाशी झालं. स्लाइड तयार करताना स्क्रीनच्या खाली एक पट्टी दिसायची. सर तिला टूलबार म्हणत. चौकोन, गोल, बाण, रंग ओतायची छोटी बादली, सगळं तिच्यावर. तिथंच एक सोय होती, 'सेंड टू बॅक'. आकारावर क्लिक करायचं आणि त्याला बाकीच्यांच्या मागे ढकलून द्यायचं.

"कोणाले मागं ढकलाचं हे कोण ठरवणार?" मी विचारलं.

"तूच ठरवशील. माऊस तुह्या हातात हाये ना!" शेजारची मैत्रीण म्हणाली. ती नालवाडीची, घरचं किराणा दुकान. तिला जगात भांडण्यासारखं फारसं काही दिसत नसे, आणि मला न भांडण्यासारखं.

ते बटन मी वापरणार नाही, असं मी जाहीर केलं. मोठा चौकोन छोट्यावर आला की मी दोन्ही पुसायचे, आधी मोठा काढायचे, मग त्यावर छोटा. सर नुसते बघत राहायचे.

घरातच तसं वळण होतं. बाबा शेतमजुरी करत आणि पत्रकं लिहीत. हापशीसाठी, रस्त्यासाठी, वाचनालयासाठी. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. त्यांचे नियम पक्के होते. मथळा ठळक. मागणी चौकटीत. आणि कागदाच्या मधोमध एक उभी आणि एक आडवी पट्टी कोरी सोडायची, कारण पत्रक वाचून झालं की माणूस त्याची चार पदरी घडी करून खिशात घालतो, आणि घडीवरची अक्षरं घामानं पुसून जातात.

"मागणीच घडीत गेली तं पत्रक काय कामाचं?" बाबा म्हणत.

त्या वर्षी मी वर्ध्याला कॉलेजात होते आणि माझी हजेरी कमी भरत होती. पवनारहून येणारी सकाळची बस आमच्या गावाच्या फाट्यावर थांबायची नाही. आम्ही पोरी हात दाखवत उभ्या असायचो आणि ती धूळ उडवत निघून जायची. पुढची बस मिळेपर्यंत पहिले दोन तास बुडालेले. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाही, असं कॉलेजनं सांगून टाकलं होतं. आई म्हणाली, "परीक्षाच नाई तं रोजचं जाणं काऊन?" तिचं बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच मला त्याची भीती वाटत होती.

अशात क्लासचा वार्षिक कार्यक्रम ठरला. प्रत्येकानं स्लाइड बनवून मोठ्या पडद्यावर दाखवायच्या. पाहुणे म्हणून बस डेपोचे साहेब येणार होते. बाकीच्यांचे विषय होते फुलांचे प्रकार आणि भारताचे पक्षी. मी सांगितलं, "माझा विषय, फाट्यावरचा थांबा."

सर हादरले. "पाहुण्याला घरी बोलावून त्याच्याशी भांडतात का?"

"भांडत नाही सर. नकाशा दाखवते."

"तुझा नकाशासुद्धा भांडेल," सर म्हणाले, पण नाही म्हणाले नाहीत.

मग मी त्या टूलबारवर तुटून पडले. लांबट चौकोनांचा रस्ता, त्यात बादलीनं करडा रंग ओतला. गावांसाठी गोल. फाट्यासाठी निळा गोल आणि त्याच्याजवळ पोरींसाठी छोटे त्रिकोण. ते त्रिकोण मी 'अलाइन' करून एका ओळीत उभे केले, कारण आमच्यात पुढची-मागची कोणी नव्हती. बस म्हणजे लाल चौकोन, खाली दोन काळी चाकं. बस झकास जमली. ती पवनारहून वर्ध्याकडे सरकवली, तर लाल डबा तेवढा निघाला आणि चाकं पवनारलाच राहिली.

"बाप्पा! तुही गाडी तं चाकं सोडूनच चालली वर्ध्याले," मैत्रीण हसून लोळायची बाकी होती. "म्हणूनच थांबत नसंन ते! ब्रेक कायले लावंन?"

सरांनी दाखवलं. सगळे भाग एकदम निवडायचे आणि 'ग्रुप' करायचं, मग एकाला हलवलं की सगळे हलतात. ते बटन मात्र मला फार आवडलं. दिसेल त्याचा मी ग्रुप केला.

कार्यक्रमाला बाबा आले, धुतलेला सदरा घालून मागच्या रांगेत बसले. माझी पाळी आली. नकाशा पडद्यावर पडला तेव्हा तो पलंगपोसाएवढा मोठा झाला होता. मी चढ्या आवाजात बोलले, चौकटीतल्या मागण्या वाचून दाखवल्या.

साहेब चष्मा वर करून पडद्याकडे पाहत होते. "पोरी, सगळं समजलं. पण हा रस्ता मधातच कसा तुटला? पूल वाहून गेला काय?"

हॉल खदखदला. मी वळून पाहिलं. करडा रस्ता अर्ध्यावर थांबला होता, मध्ये पांढरी पट्टी, आणि पलीकडून पुन्हा सुरू झाला होता. फाट्याचा निळा गोल मी उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवला होता. इतके दिवस मला त्यात काही चुकीचं दिसलंच नव्हतं.

"तिथं घडी येते साहेब," मी म्हणाले.

"कायची घडी?"

मागून बाबा उठले. "माही चूक हाये साहेब. पोरगी पत्रकावर शिकली." त्यांनी खिशातून एक जुनं पत्रक काढलं, उलगडलं आणि मधली कोरी पट्टी दाखवली. "इथं लिहिलं तं पुसते."

साहेब पत्रकाकडे पाहत राहिले, मग पडद्याकडे, आणि मग असे हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अहो, पडद्याची घडी कोण करते!"

"आता कळलं, साहेब," बाबाही हसत होते.

"मग तुमचा फाटा खरोखर कुठं हाये, ते दाखव," साहेब मला म्हणाले.

मी माऊस हातात घेतला. फाटा आणि पोरी ग्रुपमध्ये होत्या. एकदम उचलल्या आणि रस्त्याच्या तुटक्या जागी नेऊन ठेवल्या. पवनार आणि वर्धा यांच्या बरोबर मध्ये.

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "इथं किती वाजता उभ्या राहता?"

मी वेळ सांगितली.

"सोमवारी उभ्या राहजा. डायव्हरले सांगतो. पण सगळ्या दिसल्या पाह्यजे, एकटी नाई."

सोमवारी आम्ही सगळ्या उभ्या होतो. बस आली आणि फाटा ओलांडून बरीच पुढे गेली. माझ्या तोंडून घोषणा निघणारच होती, तेवढ्यात ती थांबली. आम्ही दप्तरं सांभाळत धावलो. कंडक्टर दारातून ओरडला, "चला वो मॅडम लोक, लवकर! तुमच्या पायी आम्ही बोलणे खाल्ले!"

कॉलेजात पहिला तास सुरूच होत होता. मी बाकावर टेकले न टेकले तोच माझा नंबर पुकारला गेला. मी इतक्या जोरात "हजर" म्हणाले की मॅडमनी पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग हजेरीपटावर खूण केली.