सोमाजी मिस्त्रीचा भुगा

सोमाजी मिस्त्री बोअरमधून निघालेला गाळ कोणाला फेकू देत नसे. सिमेंट परमिटवर मिळायचं त्या दिवसांतली ही गोष्ट. तिरोड्याकडच्या एका गावात सरकारी बोअर चालू होती आणि मी तिथे नवा ओव्हरसियर. पाहतो तर हा साठीचा काटक माणूस दगडाच्या भुग्याचा राखाडी चिखल गोणपाटावर वाळत घालून वर राखण करीत बसलेला.

"हे कशाला, मिस्त्री?"

"सिमिटात मिसळाले. जमिनीतून निंगालं, सायेब, जमिनीतच कामी लावाचं."

पाइपाभोवतीची फट सिमेंटने बुजवावी लागते, नाही तर वरचं घाण पाणी पाइपाच्या कडेने खाली उतरतं. गावात दर पावसाळ्यात हगवणीने माणसं दगावत. बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं, पाणी पिणं सुटावं म्हणून तर ही बोअर, आणि हा गृहस्थ तिच्यात चिखल भरणार. सिमेंट वाचवून हा बाहेर विकतो, याविषयी मला शंकाच उरली नाही.

मी पाळत ठेवली. तो भुगा चाळून चिमूटभर दाताखाली धरी. करकरला तर ठेवी, चिकटला तर फेकी. "चिकट माती सिमिटाले खाते," म्हणे. "निरं सिमिट तडकते. भुगा त्याले धरून ठेवते." एवढं पटण्यासारखं बोलतो म्हणजे नक्कीच मुरलेला आहे, असं मी मनाशी म्हणालो.

फट भरून झाली आणि त्याच्या झोपडीत दोन न फोडलेल्या गोण्या सापडल्या.

"पुढच्या गावच्या बोअरले ठेवल्या," तो म्हणाला. "तिथलं परमिट नाई आलं अजून."

मी त्या लगेच बैलगाडीने गोदामात परत धाडल्या. तेवढ्यावर थांबतो तर मी साहेब कसला? फटीत खरंच सिमेंट आहे का ते पाहायला पाइपाभोवतीचा तो भरलेला जोड फोडायचा हुकूम दिला.

"नका फोडू, सायेब. आताच धरून रायला तो."

"घाबरता कशाला?"

त्याने फोडायच्या सब्बलीला हात लावला नाही. मजुरांनी दुपारभर घाव घातले. जे तुकडे निघाले ते पाट्यासारखे टणक होते. मी ओशाळलो, पण तोवर जोड पाइपापासून खोलवर सुटला होता. तो बुजवायला गावात मूठभर सिमेंट नव्हतं, गोदामात गेलेल्या गोण्या नव्या परमिटाशिवाय परत मिळणार नव्हत्या, आणि त्याला महिने लागणार होते.

आठवड्याने हातपंप बसवून हलवला तर गढूळ, वासाचं पाणी आलं. बाया पाणी भरायला पितळी गुंड घेऊन आल्या होत्या. मिस्त्री पंपासमोर आडवा उभा राहिला.

"नका नेऊ. बोडीचं पाणी उतरलं यात."

"कोनाच्यानं?" एका म्हातारीने विचारलं.

"माहाच जोड कच्चा रायला, बाई."

मी शेजारीच उभा होतो. बाया परतल्यावर मी त्याला विचारलं, असं का सांगितलंत?

"गाव तुमच्यावर बिघडलं तं तुमी निंगून जासान. मंग दुसरी बोअर कोन मागन या गावासाठी?"

मी ती मागितली नाही. मागणीबरोबर चौकशी आली असती, आणि जोड कोणी फोडायला लावला ते निघालं असतं. संध्याकाळी अहवालात लिहिलं: जोड कच्चा राहिला, मिस्त्री स्वतः कबूल करतो. त्याला कामावरून काढलं, आणि त्या पावसाळ्यातही गाव बोडीचंच पाणी प्यायलं.