वरच्या डोहातले मासे

डॉक्टर वासुदेव हळब्यांनी वादीतल्या माशांवर तीन जाडजूड रिपोर्ट लिहिले, पण त्यांचा बूट ओला झालेला मी कधी पाहिला नाही. तिन्ही रिपोर्ट मीच टाइप केले, म्हणून सांगते. दोन महिन्यांतून एकदा ते आखातातल्या अल ऐन शहरातून समुद्राकाठच्या खोर फक्कानला आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात यायचे, एसीसमोर उभं राहून कॉलर सैल करायचे आणि म्हणायचे, ‘‘उफ्! काय हा फील्ड!’’ फील्ड म्हणे. गाडीपासून ऑफिसच्या दारापर्यंत बावीस पावलं होती.

खऱ्या फील्डवर जायचा तो बाबाजी. सावंतवाडीकडचा, पंचेचाळिशीचा, काळा, काटकुळा. अकरा वर्षं मुसफ्फाच्या कारखान्यांत लोखंड जोडलं, मग छाती बिघडली आणि डॉक्टरने वेल्डिंगच्या धुरापासून लांब राहा म्हणून बजावलं. कुणाच्या तरी ओळखीने तो आमच्या कंपनीत हेल्पर म्हणून चिकटला. त्याच्या अंगाला सतत ओल्या चिखलाचा वास यायचा. तो ऑफिसात आला की मी त्याच्या खुर्चीवर कालचा पेपर अंथरायचे. त्याच्यासमोरच. तो मुकाट्याने पेपरवर बसायचा.

मी ठाण्याची, बी.कॉम., इंग्लिश मीडियमच्या मुलीची आई. हा मला ‘वयनीनू’ म्हणायचा. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

काम काय होतं ते सांगते. खोर फक्कानच्या मागे डोंगरात एक वादी आहे. वादी म्हणजे पाऊस पडला तर ओढा, नाहीतर नुसते गोटे. त्यात बाराही महिने पाणी असलेले दोन डोह होते. खालच्या डोहापर्यंत जीप जायची, वरच्याला जायला तासभर खडक चढावा लागे. दोन्हींत बोटभर लांबीचे करडे मासे होते, ते झपाट्याने कमी होत चालले होते. वर एका खडी-क्रशरवाल्याने पंप लावला होता. सरकारी कचेरीने आमच्या कंपनीला सांगितलं, तीन वर्षं मोजा. मासे घटले तर पंप बंद. नाही घटले तर पंपाला कायमचं परमिट. एवढ्या साध्या गोष्टीसाठी हळब्यांना पीएच.डी. लागली होती.

कामावर घेताना हळबे बाबाजीला म्हणाले होते, ‘‘हे मासे वाचवायचेत, समजलं? महत्त्वाचं काम आहे.’’ साहेबांना काय, तोंडाला येईल ते बोलायची सवय. बाबाजीने ते खरं धरलं.

पहिल्याच दिवशी तो वादीवरून नाचत आला. ‘‘वयनीनू, ह्यो तर आमचो मळ्यो! आमच्या व्हाळात असोच दगडाक तोंडान चिकटान बसता!’’ मी म्हटलं, ‘‘बरं, बरं. आधी पाय पुसून ये.’’

मोजायची रीत अशी. मार्चमध्ये मासे जाळीत धरायचे, नखं कापायच्या कात्रीने पोटाखालचा एक पर किंचित कातरायचा आणि परत सोडायचे. वरच्या डोहातल्यांचा उजवा, खालच्यांचा डावा. म्हणजे कोण कुठला ते कळतं. सप्टेंबरात पुन्हा धरून मोजायचं. पहिल्या वर्षी, नव्व्याण्णव साली, खालच्या डोहात चारशे तीस मासे निघाले.

त्या सालच्या मोजणीनंतर हळबे एकदाच वरच्या डोहाकडे निघाले. अर्ध्या वाटेत दम लागला, गोट्यावर बसले, पेप्सी प्यायले आणि जाहीर केलं, ‘‘वरचा डोह रिप्रेझेंटेटिव्ह नाही. खलास. फक्त खालचा मोजायचा.’’ झालं! एका माणसाच्या ढेरीने अर्धी वादी नकाशावरून पुसली. मी नवा फॉर्म टाइप केला, त्यात वरच्या डोहाचा रकाना नव्हता. पण वरच्यांचे पर कातरणं थांबव, असं बाबाजीला कुणी सांगितलंच नाही. तो दर मार्चला एकटाच वर चढून कातरत राहिला.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात वरचा डोह आटायला लागला. बाबाजीने काय करावं? बाजारातून आठ दिरहॅमची एक, म्हणजे शंभर रुपयांची एक, अशा दोन झाकणाच्या बादल्या स्वतः आणल्या. शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, पहाटे वर चढायचा आणि बादल्यांतून मासे आणून खालच्या डोहात सोडायचा. असा सगळा उन्हाळा. सप्टेंबरात खालच्या डोहात पाचशे दहा भरले.

फॉर्मच्या पुढच्या बाजूला त्याने ५१० लिहिलं. आणि मागच्या बाजूला, कोऱ्या जागेत, पेन्सिलने, आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात: ‘वरच्यातला पाणी गेला. मासे खाली हाडून सोडलंय. उजवो पर कातरलेले १७५.’

मी ते वाचलं. वाचलं, समजलं आणि हसले. मग त्याला झापलं. ‘‘अरे बाबाजी, हा ऑफिशियल पेपर आहे, वाण्याची यादी नाही. मागे खरडत जाऊ नकोस. साहेब माझ्यावर ओरडतील.’’

‘‘फुडे जागा नाय, वयनीनू.’’

‘‘नाही ना? मग लिहायचं नाही.’’

पुढच्या उन्हाळ्यातही त्याने बादल्या वाहिल्या, आणि तरीही लिहिलंच. दोन हजार एकमध्ये खालच्या डोहात सहाशे नव्वद. मागे पेन्सिलने: ‘उजवे ४०२. डावे २८८.’ म्हणजे खालच्या डोहाचे स्वतःचे मासे चारशे तीसवरून दोनशे अठ्ठ्याऐंशीवर आले होते. दुसरीतल्या पोरालाही जमेल अशी वजाबाकी. मी बी.कॉम. मी ते वाचलं आणि पान परत पालथं केलं. पुढची बाजू टाइप केली, फाइल केली आणि लिपस्टिक लावून घरी गेले.

हळब्यांनी रिपोर्टात लिहिलं की माशांची संख्या तीन वर्षांत साठ टक्क्यांनी वाढली असून पंपाचा काहीही दुष्परिणाम नाही. ते वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते जाड टाइपात करायला लावलं. क्रशरवाल्याला कायमचं परमिट मिळालं आणि त्याने दुसरा पंप बसवला.

दोन हजार दोनच्या जूनमध्ये खालचाही डोह आटला. सगळे मासे एका टेबलाएवढ्या डबक्यात येऊन मरायला लागले. कचेरीतून विचारणा आली. हळबे अल ऐनहून धावत आले, या खेपेला एसीसमोर न थांबता, आणि बाबाजीला बोलावलं. त्या दिवशी मी खुर्चीवर पेपर अंथरायला विसरले. त्याची गरज पडली नाही, त्याला कुणी बसायलाच सांगितलं नाही.

बाबाजीने सगळं सरळ सांगून टाकलं. हळब्यांचा चेहरा पांढरा झाला, मग लाल.

‘‘तू सगळा डेटा खराब केलास! कुणी सांगितलं होतं तुला बादल्या भरायला?’’

‘‘मासे वाचवूचे म्हणान ठेवलात ना माका?’’ बाबाजी म्हणाला. ‘‘थय ते मरत होते, साहेब. मरान दिवचे?’’

‘‘आणि हे कळवलं का नाहीस?’’

‘‘कळवलंय. फॉर्माच्या पाठी लिवन दिलंय. वयनींका ठाव आसा.’’

हळबे माझ्याकडे वळले. ‘‘काय हो, मनोरमाबाई?’’

कपाट माझ्या पाठीशी होतं. फॉर्म त्यातच होते. किल्ली माझ्या पर्समध्ये. त्या महिन्यात माझ्या नवऱ्याची पोर्टवरची नोकरी जायच्या बेतात होती, मुलीची शाळेची फी भरायची होती. ही कारणं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आले आहे, आणि दरवेळी ती मला जास्तच भिकार वाटतात.

‘‘नाही सर,’’ मी म्हटलं. ‘‘मला यानं काहीच दिलेलं नाही.’’

बाबाजीने माझ्याकडे पाहिलं. तो ओरडेल, कपाट उघडा म्हणेल, असं मला वाटलं. मला तेच हवं होतं बहुतेक. पण त्याने नुसती मान खाली घातली. जणू माझी लाज त्यालाच वाटली. हळब्यांनी तिथल्या तिथे त्याचा व्हिसा कॅन्सल करायचं पत्र मला टाइप करायला सांगितलं. मी टाइप केलं. एकही चूक न करता.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी बाबाजी माझ्या घरी आला. हातात त्या दोन बादल्यांपैकी एक, दुसऱ्या हातात वादीच्या पाण्याचा कॅन. शिव्या देईल म्हणून मी दार अर्धवटच उघडलं.

‘‘वयनीनू, एवडेच गावले,’’ तो म्हणाला. ‘‘कॅम्पात न्हाणीघर चाळीस जणांचा. तुमच्याकडे टब आसा. नळाचा पाणी घालू नका, मरतले. ह्या कॅनातला थोडा थोडा घाला. पाऊस पडलो काय परत सोडा.’’

मी विचारलं, ‘‘किती आहेत?’’

‘‘तुमीच मोजा,’’ तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात. खरंच मी मोजावं, एवढंच त्याला वाटत होतं. मी त्याला आत या म्हटलं, पहिल्यांदाच ‘या’ म्हटलं, पण त्याला बस पकडायची होती.

मी टबाशी गुडघ्यांवर बसून मोजले. सव्वीस. माझी मुलगी केया म्हणाली, ‘‘ममा, दे आर सो क्यूट!’’ मासे टबाच्या कडेला तोंडाने चिकटून बसले होते. एकेकाला उलटून मी पर पाहिला. सगळे उजवे. वरच्या डोहातले.

त्या रात्रीच मी फॉर्म कपाटातून काढून हळब्यांना फॅक्स करायला हवे होते. नाही केले. पुढेही नाही. हळब्यांना मी कितीही नावं ठेवली तरी त्यांच्याकडे खोटा आकडा जाण्याआधी तो माझ्या हातून गेला होता. ते बिचारे नुसते आळशी होते. मला सगळं माहीत होतं.

पाऊस त्या वर्षी पडलाच नाही. कॅन ऑगस्टमध्ये संपला. मी पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या ओतल्या, पण रोज सकाळी एकदोन वर तरंगत असायचे. शेवटचा मासा दिवाळीच्या आधी मेला. केयाने तो कुंडीत पुरला.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजला. सावंतवाडीच्या बूथवरून बाबाजी. मागे एसटीचा आवाज येत होता. माझी चौकशी केली, केयाची केली, मग म्हणाला, ‘‘आणि मळ्ये, वयनीनू? वाडले आसतले आता?’’

रिकामा टब मला फोनपासून दिसत होता.

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘वाढले.’’

‘‘किती झाले?’’

मी म्हटलं, ‘‘चाळीस.’’ तो इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. मग त्याचे पैसे संपले आणि फोन बंद झाला.