कढईत तापवलेलं सील

कागद जवळ धर गं जरा. वाचता वाचता नुसती मान नको हलवू. तुझा तो मोबाइलवरचा व्हिडिओ शेजारच्या सुनेनं मला दाखवला. हेल्मेट काखेत धरून छान बोललीस. पण इंजिन कसं टिकलं म्हणून कुणी विचारलं, तर म्हणालीस, "आमच्या आत्यानं दोन रबरी रिंगा दिल्या." रिंगा? बांगड्या आहेत का त्या? अर्धं आयुष्य मी सील विकण्यात घातलं आणि माझ्या भावाची लेक सीलला रिंग म्हणते. शिवाय दोन कुठल्या? तिसऱ्याची गोष्ट गिळूनच टाकलीस. म्हणून आता सगळं लिहून काढते. माझं शिक्षण सातवीपर्यंत, चुका निघतील. त्या तू खुशाल काढ, पण गोष्ट माझी ऐक.

सात रस्ता चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान. ऑइल सील, बेअरिंग, पट्टे. आमचे हे गेले तेव्हा तात्पुरती म्हणून गल्ल्यावर बसले, ती बसलेच. यंत्रमागवाले, पंपवाले, मळणीयंत्रवाले यांनीच मला शिकवलं, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाटतं त्यानं एकट्यानं शिकवलं. सील म्हणजे काय, तर फिरणारा दांडा जिथं डब्यातून बाहेर येतो, तिथं त्याच्या गळ्याशी बसवलेली रबराची चकती. तिला आतल्या कडेला पातळ ओठ असतो आणि ओठाला धरून ठेवणारी एक बारीक गोल स्प्रिंग. आतलं बाहेर येऊ द्यायचं नाही आणि बाहेरचं आत जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम.

त्या उन्हाळ्यात तू आलीस ती हात गळ्यात बांधून. तुझी ती चार जाड चाकांची, हँडलवाली रेसची गाडी, क्वॉड म्हणतेस ती, उडीवरून खाली येता येता तिचं इंजिन जाम झालं आणि तुला पुढं फेकून दिलं. खांद्याचं हाड मोडलं होतं. मागून वहिनी आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"वन्सं, तुमीच सांगा हिला," ती म्हणाली. "हिचं वडील गेल्यापास्नं ही एकच हाय मला. आता एक डाव बघणार. फिरून इंजिन धरलं तर ती गाडी मी इकणार."

"धरणार नाही, आई."

"मागल्या टायमालाबी हेच म्हनलीस की."

तू मान खाली घातलीस. मला ते बघवलं नाही. तुझे वडील असेच होते, बोलणं टाळायचं असलं की चपलेचा अंगठा बघत बसायचे.

जुनं सील तू पिशवीतून काढलंस. मी नख लावलं, तर ओठ लाकडासारखा कडक, एका जागी चिरलेला. तेव्हा तू मला टू-स्ट्रोक इंजिनाचं दुखणं समजावलंस. पेट्रोल आणि तेल यांचं मिश्रण आधी पिस्टनखालच्या बंद खोलीतून जातं. तिथल्या दांड्याच्या दोन टोकांना दोन सीलं, एक गिअरकडचं आणि एक मॅग्नेटच्या, म्हणजे ठिणगीची वीज करणाऱ्या चाकाकडचं. मॅग्नेटकडचं सील फाटलं की इंजिन बाहेरची कोरडी हवा ओढतं, पेट्रोल कमी पडतं, आतला ताप वाढतो आणि पिस्टन फुगून भिंतीला धरतो. मला लगेच कळलं. रॉकेलच्या स्टोव्हला हवा जास्त झाली की तो असाच भणाणतो आणि भांड्याचं बूड जाळतो.

मग तू ऐटीत दोन लाल सीलं टेबलावर ठेवलीस. "ऑनलाइन मागवलीत आत्या. सिलिकॉन. ओव्हनमध्ये टाकली तरी काही होत नाही."

"तुझ्या इंजिनात केक करायचाय का?"

"उष्णताच तर मारतेय ना त्याला?"

चूक नव्हतं तुझं. उष्णतेला लाल रबर टिकतं हे खरंच आहे. पण तुझ्या इंजिनात नुसता ताप नव्हता, पेट्रोल होतं, आणि पेट्रोलशी त्याचं कसं जमतं हे मलाही नीट ठाऊक नव्हतं. पंपाला आणि मागाला पेट्रोल लागतंच कुठं. म्हणून पुण्याच्या व्यापाऱ्याकडून मी तपकिरी सीलं मागवली. फ्लोरो रबर म्हणतात त्याला. महाग असतं, म्हणून दुकानात ठेवत नाही. तीन मागवली, दोन बसवायला आणि एक छळायला. तपकिरी रंग बघून विश्वास ठेवणाऱ्यातली मी नाही. रंग काय, काळ्या रबरालाही देता येतो.

लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या घेतल्या. एकीत साधं काळं सील, एकीत तुझं लाल, एकीत तपकिरी. वर तुझ्या गाडीचं पेट्रोल-तेल ओतलं, झाकणं घट्ट लावली आणि मागच्या अंगणात, चुलीपासून लांब, लिंबाखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी लाल सील काढलं, तर भिजलेल्या पोह्यासारखं फुगलेलं. दांड्यावर घातलं तर ओठ इकडे तिकडे लोळायला लागला. तू ते उचललंस, दोन बोटांत दाबलंस आणि म्हणालीस, "हे घालून मी उडी मारणार होते."

काळं आणि तपकिरी दोन्ही तशीच होती. मग ती पुसून, वाळवून, जुन्या कढईत नुसत्या इंजिन ऑइलमध्ये शेगडीवर ठेवली. दिवसभर तापवत बसले. वास बोळभर. शेजारीण भिंतीवरून डोकावली.

"भजी हायत का काय आज?"

"व्हय की. रबराची."

"लई तेल पेतील ती."

"म्हणून तर बघायलीय, कोण किती पेतंय."

संध्याकाळी काळं सील वाकवलं तर मोडलं, पापड मोडावा तसं. तपकिरी वाकलं आणि सोडल्यावर परत सरळ झालं. तू ते माझ्या हातातून घेऊन परत परत वाकवत राहिलीस. त्या दिवशी रात्री बऱ्याच दिवसांनी तू पोटभर जेवलीस, हे मी बघून ठेवलं होतं.

हाड जुळून आल्यावरची तुझी पहिली रेस रविवारी होती. शनिवारी दुपारी मी वळसंगला तुमच्या घरी आले. येताना ती छळलेली सीलंही कागदात बांधून आणली होती, वहिनीला दाखवायला. तिला बोलण्यानं पटत नाही, हातात द्यावं लागतं.

गिअरकडचं सील तुझं तू आधीच बसवलं होतंस. मॅग्नेटचं चाक काढलंस आणि म्हणालीस, "हे तू बसव आत्या. तुझा हात लागू दे." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पदर खोचला, ओठाला तेलाचं बोट फिरवलं, वरून जुनी लोखंडी चकती ठेवली आणि हातोडीनं हलकं हलकं ठोकत बसवलं. एकदम सपाट.

मग तू सायलेन्सरचं आणि कार्बुरेटरचं तोंड बुचांनी बंद केलंस, एका नळीतून सायकलच्या पंपानं हळूहळू हवा भरलीस आणि दोन्ही सीलांवर भांडी घासायच्या साबणाचा फेस लावलास. पंक्चरवाला पाण्यात ट्यूब बुडवतो तसलाच प्रकार. तुझ्या सीलावर फेस गप्प. माझ्या सीलावर बुडबुडे यायला लागले, एकामागून एक, निवांत.

"रबरच खराब निघालं वाटतं," मी म्हणाले.

तू फेस पुसलास. "आत्या, मला इथून स्प्रिंग दिसतेय."

"दिसणारच की. ओठ बाहेरच असतो."

"मळणीयंत्रावर."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं मळणीयंत्राच्या, ट्रॉलीच्या चाकाला सील बसवताना ओठ बाहेरच ठेवतात. आतलं ग्रीस कुठं पळून जात नाही, शत्रू ती काळ्या रानातली धूळ. आयुष्यभर गिऱ्हाइकाला मी हेच सांगत आले, ओठ धुळीकडं. हातानं तेच केलं, मला विचारलंसुद्धा नाही. तुझ्या इंजिनात जोर आतून येतो, म्हणून ओठ आत हवा होता.

वहिनी भाकरी थापायची सोडून दारात आली. "दुकानदारीणबाईनंच उलटं घातलं व्हय?" असं म्हणून तोंडाला पदर लावून हसायला लागली. तू पडल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं, म्हणून मीही तिला हसू दिलं.

हसू ओसरल्यावर तिघींच्याही ध्यानात आलं. ठोकून बसवलेलं सील आकडीनं उपसून काढताना ओठ फाटतोच. फाटला. आणि पुण्याहून दुसरं यायला वेळ नव्हता.

तू परत चपलेचा अंगठा बघायला लागलीस. मी कागदाची पुडी उघडली. तपकिरी सील त्यात होतं, पेट्रोलमध्ये रात्र काढलेलं आणि कढईत दिवस काढलेलं. व्हर्नियर लावून मापलं, माप हललेलं नव्हतं. ओठ नखानं तपासला. तरी मला भीती वाटत होती. दुकानात बसून दुसऱ्याला सील देणं वेगळं आणि भावाच्या लेकीच्या खाली ते बसवणं वेगळं.

"वहिनी, तू सांग," मी म्हणाले. "हे वापरलेलं आहे. नको म्हणालीस तर उद्याची रेस राहू दे."

वहिनीनं ते पिठाच्या हातानंच घेतलं. वाकवलं, सोडलं, परत वाकवलं. मग तुला विचारलं, "साबण लावल्यावर कळतंय न्हवं समदं?"

"कळतं."

"मग लाव. बुडबुडा आला तर गाडी हितंच उभी ऱ्हाईल."

या वेळी तू बसवलंस. पंप मारलास. आपण तिघी त्या फेसाकडं बघत बसलो. आत चुलीवर भाकरी जळाल्याचा वास आला, तरी वहिनी उठली नाही. फेस सुकत गेला, पण बुडबुडा आला नाही.

रविवारी तू कितवी आलीस ते मला विचारू नकोस, धुळीत मला तुझा नंबर दिसला नाही. वहिनी तर मैदानाकडं पाठ करून उभी होती. म्हणाली, "मी बघणार न्हाय, आयकणार. आवाज तुटला तर सांगा." तुझं इंजिन बाकीच्यांपेक्षा जरा चिरकं, ते आम्ही दोघी कानानं धरून होतो. उडीवर आवाज वर जायचा आणि वहिनी माझं मनगट दाबायची. शेवटची फेरी झाली, आवाज मंद झाला, वहिनीचा हात घट्ट झाला. मग बघितलं तर तू सावकाश आमच्याकडंच येत होतीस, आपल्या इंजिनावर, ढकलत नाही. वहिनी वळली आणि गाडी विकण्याबद्दल चकार शब्द न काढता म्हणाली, "तोंड धू आधी. वळखू येईनास."

त्यानंतर तू अजून किती रेसा मारल्यास, सगळं मला शेजारच्या सुनेच्या मोबाइलवरून कळतं. आणि दर वेळी माझ्या मनात एकच येतं. ते कढईतलं सील अजून तुझ्या इंजिनात आहे. एका दिवसासाठी घातलं होतं, बाळे. ते चांगलं निघालं म्हणून त्याच्या जिवावर उड्या मारत राहायचं नसतं.

पुण्याहून नवी जोडी कधीचीच आली आहे. खिळ्याला टांगली नाही, टांगलं की ओठ वाकडा होतो. डब्यात आडवी, उन्हापासून लांब ठेवली आहे. पण रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं, आणि मीही काही लहान होत नाही. तेव्हा येत्या सुट्टीला गाडी टेम्पोत घाल आणि ये. वहिनीलाही आण, तिला साबणाचा फेस बघत बसायला आवडतं. ओठ कुठल्या बाजूला ते तू बघ, ठोकायचं काम मी करते.