बाबांचे पाय आणि पानवेल

आमच्या घरात हल्ली एका जनुकाचं नाव येताजाता निघतं. पीआरकेसीजी. आई ते एका दमात म्हणते, लांबच्या एखाद्या नणंदेचं नाव घ्यावं तसं, आणि वर पुटपुटते, "बरं झालं बाई, सापडलीस." ज्या जनुकाने नवऱ्याचे पाय बिघडवले त्याचेच आभार मानणारी बाई जगात दुसरी नसेल. पण खरं सांगायचं तर आभार मीही मानते.

आमची वाडी वटार गावात. केळी आहेत, चाफा आहे, पण घराची शान पानवेल. वाडीचे कर्ते थोरले काका, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. त्यांनी पाळलेले पानवेलीचे नियम देवघराहून कडक. आंघोळ करून जायचं, चपला फाटकाबाहेर काढायच्या, आणि दारू प्यायलेल्या माणसाने आत पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर वेल जळते म्हणे. मला महिन्यातले काही दिवस मज्जाव असायचा तो वेगळाच. त्यावरून मी शाळेत असल्यापासून काकांशी भांडत आलेय आणि अजून जिंकलेली नाही.

दरवर्षी पानांचा पहिला खुडा झाला की काका फाटकाशी उभे राहतात आणि घरातल्या प्रत्येकाच्या हातात विडा ठेवतात. बोलत काहीच नाहीत. विडा मिळाला म्हणजे तुम्ही वाडीचे, इतकं सगळ्यांना कळतं.

बाबा पन्नाशी उलटल्यावर पाय फाकवून चालू लागले. वळताना तोल जायचा, मग भिंत नाहीतर झाड धरायचे. गावाला यात नवल वाटलं नाही. माझे आजोबाही असेच झुलत चालायचे आणि आजोबा ताडी प्यायचे, भरपूर प्यायचे. त्यांच्या पायांचा सगळा दोष ताडीच्या माथी गेला होता. आता मुलगा बापाच्या वळणावर गेला, असं लोक म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले. बाबांनी आयुष्यात ताडीचा थेंब चाखला नव्हता.

मग एका सकाळी पानांची टोपली घेऊन वळताना बाबा पानवेलीत पडले आणि आधाराच्या शेवरीसकट वेलीची अख्खी रांग आडवी झाली. काका धावत आले. आधी त्यांनी वेल उचलली.

"सकाळी सकाळीच घेतलीस?"

"नाय रे दादा, मी नाय घेतली," बाबा म्हणाले. पण तोवर बाबांची जीभही जड झाली होती. शब्द लोळत आले आणि काकांना हवा तो पुरावा मिळाला.

आई मध्ये पडली. "मी एका खोलीत राहते ह्यांच्याबरोबर. मला वास आला नसता?"

"बायको झाकणारच," काका म्हणाले. "ह्याला आता आत सोडायचा नाय. बाप गेला तसा हा जाणार, जाऊ दे. माझी वेल नाय जाऊ द्यायची मला."

 बाबा बावखलाच्या, म्हणजे वाडीलगतच्या तळ्याच्या काठावर, फाटकाबाहेर बसू लागले. आतून पानं येत, ती ते पाण्यात बुडवून, पुसून, एकावर एक रचत. हात थरथरायचे, चळत कोसळायची, ते पुन्हा रचायचे. नजर सगळी आत. अमुक रांगेला पाणी कमी पडतंय, तमुक वेल उतरवायला आलीय, असं बाहेरून सांगायचे आणि त्यांचं बरोबर असायचं. काका ऐकायचे, तसं करायचेही, पण त्यांच्याकडे बघायचे नाहीत.

त्या वर्षीच्या पहिल्या खुड्याला मी जूचंद्रहून मुद्दाम आले होते. लग्नानंतर मी तिथे फ्लॅटमध्ये राहते. काकांनी आईला विडा दिला, मला दिला, माझ्या नवऱ्याला दिला, आणि बाबांच्या पुढे केलेल्या हातावरून ते सरळ पुढे गेले. बाबांचा हात तसाच राहिला. मी माझा विडा काकांच्या तबकात परत ठेवला आणि निघाले. वाटभर रडले. रागाने, दुसऱ्या कशाने नाही.

त्याच रागाने मी बाबांना मुंबईला मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी बाबांना एका सरळ रेषेत, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावून चालायला सांगितलं. बाबांना दोन पावलंही जमली नाहीत. दारूबद्दल त्यांनी एकदाच विचारलं, बाबा नाही म्हणाले, आणि त्यांनी ते मान्य केलं. इतक्या सहज, की बाबांचे डोळे भरून आले. त्या क्षणासाठी मी त्या बाईंची जन्मभर ऋणी आहे.

"घरात आणखी कुणी असं चालायचं?"

"वडील. पण ते प्यायचे."

"न पिता कसे चालायचे?"

ते बाबांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असलंच तर काकांना असणार. मी वटारला गेले आणि काकांना म्हटलं, चला, तुमचं म्हणणं डॉक्टरांसमोर सांगा. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. भावाचं पिणं एकदाचं सिद्ध होईल, अशा थाटात.

डॉक्टरबाईंनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला. काका आठवू लागले.

"शेवटी शेवटी सोडली होती त्यांनी," ते म्हणाले. "पार बंद. तरी मोरीपर्यंत भिंत धरूनच..." आणि वाक्य अर्ध्यावर टाकून ते बाबांकडे बघू लागले. कितीतरी महिन्यांनी बघत होते.

बाईंनी मग काकांनाही त्या रेषेवर चालायला लावलं. काका टाचेला बोट लावत, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. परत येऊन खुर्चीत बसले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

बाबांच्या रक्ताची तपासणी झाली आणि काही आठवड्यांनी उत्तर आलं, ते ऐकायला काकाही आमच्याबरोबर आले. दोष पीआरकेसीजी या जनुकात. मेंदूत निरोप पुढे पाठवणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम असतं, ते कसं बनवायचं हे या जनुकात लिहिलेलं असतं. तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत त्याचं काम मोठं. मी काकांना आमच्या भाषेत सांगितलं. पाटाचं तोंड कधी उघडायचं आणि कधी बुजवायचं ते हा गडी बघतो. बाबांच्यात ते तोंड नीट बुजतच नाही, पाणी झिरपत राहतं आणि त्या रांगा हळूहळू सडतात. यावर औषध नाही. दुखणं मात्र संथ आहे, आणि बाबांपुढे बरीच वर्षं आहेत, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. पुढे गिळताना ठसका लागू शकेल, कडक पदार्थ बारीक करून द्या, असंही म्हणाल्या. काका तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. मला राग आला.

आजोबांकडून हा दोष दोघा भावांपैकी कुणालाही येऊ शकत होता. बाबांकडून मला येण्याची शक्यताही निम्मी. मी अजून तपासणी केलेली नाही. भीती वाटते, उगाच शूरपणा कशाला दाखवू. पण उद्या माझे पाय वाकडे पडले तर कुणी माझ्या तोंडाचा वास घेणार नाही, एवढं बाबांनी माझ्यासाठी करून ठेवलंय.

परत आल्यावर काका माफीचा एक शब्दही बोलले नाहीत. बांबू मात्र आणले. पानवेलीच्या फाटकापासून शेवटच्या रांगेपर्यंत, वाटेच्या दोन्ही बाजूंनी त्यांनी आडवे बांबू बांधले. गड्याने विचारलं तर म्हणाले, वेलीला आधार. वेल इतक्या खाली आधार घेत नाही. ते बांबू नेमके बाबांच्या कमरेएवढ्या उंचीवर होते.

पुढचा पहिला खुडा झाला. आम्ही सगळे फाटकाशी उभे होतो. या वेळी काका तबक घेऊन सगळ्यांत आधी बाबांसमोर आले. बाबांनी हात पुढे केला, विडा घेतला, आणि बोटं थरथरून तो मातीत पडला.  बाबा वाकू लागले तसं काकांनी त्यांना खांद्याशी धरलं.

"ऱ्हाऊ दे. तोंड उघड."

तबकाच्या कडेचा दुसरा विडा उचलून काकांनी स्वतःच्या हाताने त्यांच्या तोंडात घातला. बाबा हळूहळू चावू लागले. मी जवळ सरकले, सुपारीचा तुकडा घशात अडकेल या धास्तीने. ठसका लागला नाही. मग माझं लक्ष तबकाकडे गेलं. बाकी विड्यांपासून दूर, त्याच कडेला बाबांसाठीचा आणखी एक विडा ठेवलेला होता. मी तो उलगडून पाहिला. त्यातली सुपारी खलबत्त्यात पार पीठ होईपर्यंत कुटलेली होती.

बाबांच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाल ओघळ आला. काकांनी तो खांद्यावरच्या टॉवेलने पुसला आणि फाटक उघडलं.

"चल," ते म्हणाले, "तू पुढं हो."